टोपाची कुंची: मध्ययुगीन शिरस्त्राणावर कापडी आवरण शिवताना

चौदाव्या शतकातल्या त्या बादलीसारख्या शिरस्त्राणाला जर्मनमध्ये 'टॉप्फहेल्म' म्हणतात. टॉप्फ म्हणजे पातेलं. आपल्याकडेही टोप डोक्यावर असतो आणि चुलीवरही असतो, त्यामुळे हा शब्द मला पहिल्याच दिवशी पाठ झाला. त्यावर घालायच्या कापडाला म्हणतात 'हेल्मडेके', म्हणजे टोपाचं पांघरूण. ते शिवायला मात्र मला तीन खेपा लागल्या.

मी जर्मनीत मानहाइमजवळ राहतो आणि सुट्टीच्या दिवशी चौदाव्या शतकातला वेश घालून तेव्हाची माणसं होणाऱ्या एका मंडळात जातो. त्याआधी शिवणकामाशी माझा संबंध शर्टाची गुंडी लावण्यापुरता. पहिलं आवरण टोपावरून खाली उतरेचना. दुसरं छान बसलं, पण एका पावसात आटलं. तिसरं शिवायच्या आधी व्हिडिओ कॉलवर आईला दुसऱ्याचे उरलेले तुकडे दाखवले, तर ती म्हणाली, "अरे, ही तर कुंची! आधी नाही का विचारायचं?"

खरोखर कुंचीच आहे ती. टाळू झाकणारा भाग, चेहऱ्याभोवती मोकळी जागा आणि मागे पाठीवर सुटलेला घोळ. बाळाच्या जागी लोखंड आहे एवढाच फरक. हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून तुम्हीही टोपाकडे टोप म्हणून बघू नका. कुंची शिवायचं एक टणक डोकं म्हणून बघा.

१. आधी साल ठरवा

"मध्ययुगीन" हा शब्द फार सैल आहे. तेराव्या शतकातला टोप वरून सपाट असतो, डब्याला झाकण बसवावं तसा. १३४०च्या आसपासचा वरच्या अंगाला निमुळता होत जातो. सपाट टोपाला टाळूसाठी वेगळा गोल तुकडा कापावा लागतो, निमुळत्याला दोन अर्धे तुकडे पुरतात. नवशिक्यांनी निमुळताच घ्यावा असं माझं मत आहे. खाली सांगितलेली सगळी पद्धत त्याचीच.

चित्रं कुठे बघायची? सर्वात आधी कोडेक्स मानेसे. साधारण १३०० ते १३४० या काळात झुरिकमध्ये तयार झालेलं हे कवितांचं हस्तलिखित आज हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्यातली १३७ पानभर चित्रं इंटरनेटवर एकेक पान उलटत फुकट बघता येतात. कवींची चित्रं आहेत, पण त्यातले काही घोड्यावर बसून भाले रोखताना दिसतात. उलरिश फॉन लिश्टेनश्टाइन तर टोपावर अख्खी व्हीनस देवी घेऊन निघालाय. दुसरं, इंग्लंडमधलं लट्रेल साल्टर हे स्तोत्रांचं हस्तलिखित, साधारण १३२५ ते १३४०. त्यात ते बनवून घेणारा सर जेफ्री लट्रेल घोड्यावर आहे, बायको त्याच्या हातात टोप देते आणि सून ढाल घेऊन उभी आहे. निळ्यावर पांढऱ्या पक्ष्यांची तीच खूण त्याच्या अंगावर, घोड्याच्या झुलीवर आणि बायकांच्या झग्यांवरही आहे.

खऱ्या वस्तू बघायच्या असतील तर व्हिएन्नाच्या शस्त्रसंग्रहात ऑस्ट्रियातल्या प्रांख घराण्याचा टोप आहे, शिंगांसारख्या तुऱ्यासकट. कँटरबरी कॅथीड्रलमध्ये १३७६ साली वारलेल्या ब्लॅक प्रिन्सचा, म्हणजे इंग्लंडच्या युवराज एडवर्डचा, टोप, तुरा आणि आत भरण घालून उभ्या शिवणींनी शिवलेला मखमली अंगरखा जपून ठेवला आहे. कापड आणि लोखंड दोन्ही एकाच माणसाचं टिकलंय, असं फार क्वचित बघायला मिळतं.

इथला सापळा असा: 'हेल्मडेके' शोधलं की समोर येतात घराण्यांच्या मानचिन्हांची चित्रं, ज्यात कापड पालवीसारखं दोन्ही बाजूंना फुटून वेटोळं घेत असतं. ती नंतरच्या काळातली, कागदावरची हौस आहे. तसंच तुऱ्याच्या बुडाशी दोन रंगांची पीळ दिलेली वळी दिसते, थेट आपली चुंबळ. ती नीट रुळली चौदाव्या शतकाच्या अखेरीस आणि पुढे. तुम्ही १३४०चे असाल तर चुंबळ नको. मी बनवली होती, नंतर काढून टाकली.

आवरण का घालत, यावर मंडळात दर उन्हाळ्यात वाद होतो. धर्मयुद्धांतल्या उन्हामुळे ही चाल पडली, ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक जण सांगेल. ऊन लागतं हे खरं, उघडा टोप जुलैत तव्यासारखा तापतो आणि आवरणाने फरक पडतो, हे मी स्वतः अनुभवलंय. पावसाचा पहिला मारही कापडावर जातो. पण कापड तलवारीचा घाव अडवतं यावर माझा काडीचा विश्वास नाही. तोंड झाकल्यावर माणूस ओळखू यावा हे कारण मला सर्वात पटतं, आणि म्हणूनच रंगाकडे लक्ष द्या.

२. रंग

मानचिन्हांच्या शास्त्रात पिवळा आणि पांढरा हे 'धातू' (सोनं आणि चांदी), तर तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे 'रंग'. रंगावर रंग नको, धातूवर धातू नको. निळ्या कापडावर काळी खूण पन्नास पावलांवरून दिसत नाही, इतका साधा हिशेब त्यामागे आहे. बाहेरून रंग आणि आतून धातू, असं घेतलं की सहसा चुकत नाही. एखाद्या खऱ्या घराण्याचं चिन्ह उचलू नका, त्यांचे वंशज कधीकधी जत्रेत भेटतात.

छटा निवडताना त्या काळच्या वनस्पती लक्षात ठेवा. युरोपातला तांबडा आपल्या मंजिष्ठेच्या बहिणीतून येई आणि निळा 'वोड' नावाच्या रोपातून, ज्यातलं रंगद्रव्य आपल्या निळीतलंच आहे. म्हणजे विटकरी तांबडा आणि मंद निळा चालेल, रेडियमसारखा चमकणारा गुलाबी चालणार नाही.

३. सामान

बाहेरच्या बाजूला दाट घोटलेलं लोकरीचं कापड घ्या. घोटलेलं म्हणजे विणल्यावर ओल्यात मळून, आटवून ज्याची वीण मिटवली आहे असं. ते कातरलं तरी कडेने दोरे सुटत नाहीत, आणि हाच गुण आपल्याला पुढे कामी येणार आहे. दुकानात कोपरा अंगठ्याने मिनिटभर चोळून बघा. दोरे निघाले तर ते कापड आपलं नाही.

"शुद्ध लोकर" या शब्दांवर जाऊ नका. एका दुकानातून मी तशी पाटी बघून कापड आणलं. घरी एक दोरा जाळला तर वितळून काळा मणी झाला, म्हणजे पॉलिस्टर. लोकर जळते तेव्हा केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत भुगा होते. ही परीक्षा कापड कापण्याआधी करा, सिंकवर आणि चिमट्यात धरून. मंडळाच्या तळावर शेकोट्या असतात, पॉलिस्टरवर ठिणगी पडली तर ते वितळून चिकटतं. स्वस्त मखमल बहुतेक पॉलिस्टरचीच असते. तेव्हाची मखमल रेशमाची असे आणि ती राजपुत्रांना परवडे.

मला लागलेलं सामान:

- लोकरीचं कापड, १५० सेंमी पन्ह्याचं, सव्वा मीटर
- अस्तराला जवसाच्या धाग्याचं कापड, म्हणजे लिनन, एक मीटर
- चाचणीसाठी मांजरपाट किंवा जुनी चादर
- लिननचा दोरा आणि मधमाश्यांचं मेण
- सुया, टाचण्या, अंगुस्तान, शिंप्याचा खडू, धारदार कातर
- काजांसाठी आरी (टोचायची, कापायची नाही)
- स्वयंपाकघरातली चिकटणारी प्लॅस्टिकची फिल्म आणि रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी
- बांधायला बारीक कातडी वादी किंवा विणलेली नाडी, सुमारे तीन मीटर

दोन्ही कापडं कापायच्या आधी भिजवून वाळवा. लिनन सरळ मशीनमध्ये धुवा. लोकर कोमट पाण्यात बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट वाळत घाला. माझं दुसरं आवरण इथेच गेलं. कापड न भिजवता शिवलं, ऑक्टोबरच्या पावसात ते दोन बोटं आटलं आणि टोपावर टोपडं होऊन बसलं.

४. नमुना

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. शिवण उसवता येते, पण चुकीच्या नमुन्यावर कापलेलं कापड जोडता येत नाही.

मेजरटेपने घेर मोजून कागदावर गणित मांडू नका. मी पहिल्यांदा तेच केलं. टोपाला सरळ बाजू नसते, प्रत्येक पत्र्याच्या जोडावर आणि खिळ्याच्या डोक्यावर तो थोडा जाड होतो. घेर बरोबर ७८ सेंमी धरला आणि आवरण कपाळाच्या वर अडकलं. त्याऐवजी असं करा:

टोप उलट्या बादलीवर ठेवा. त्याला प्लॅस्टिकची फिल्म घट्ट गुंडाळा. वरून कागदी चिकटपट्टीचे वीतभर तुकडे एकमेकांवर चढवत दोन थर द्या. लांब पट्टी ओढू नका, चुण्या पडतात. आता पेनने तीन गोष्टी काढा.

पहिली, मधली रेघ: समोरच्या मध्यापासून टाळूवरून थेट मागच्या खालच्या कडेपर्यंत.

दुसरी, चेहऱ्याची कड: डोळ्यांच्या फटीच्या वर दोन बोटं सोडून आडवी, कानशिलापाशी वळून खाली, श्वासाच्या भोकांच्या मागून टोपाच्या खालच्या कडेपर्यंत. ही कुंचीची चेहऱ्याकडची कड. श्वासाचं एकही भोक झाकलं जाता कामा नये.

तिसरी, टोपाच्या टाळूपाशी असलेल्या भोकांच्या जोड्या. तुरा आणि आवरण बांधायला ही भोकं असतात. त्यांवर फुल्या मारा.

मग मधल्या रेघेवर आणि चेहऱ्याच्या कडेवर पट्टी कापा आणि उजवा अर्धा भाग अलगद सोलून काढा. तो टेबलावर सपाट बसणार नाही. टाळूच्या भागात मधल्या कडेकडून दोन-तीन छोटे छेद द्या, तो पसरेल आणि छेद उघडून फटी पडतील. कागदावर बाहेरची रेघ काढताना या फटी सरळ ओलांडून जाल, आणि तेवढं कापड जास्तीचं येईल. फटी मिळून एखाद-दीड सेंमी असतील तर काही बिघडत नाही, लोकर वाफेच्या इस्त्रीने तेवढं जिरवते. त्याहून मोठ्या असतील तर तिथे टक्स घ्या, म्हणजे जास्तीचं कापड चिमटीत धरून शिवून टाका. नाहीतर टाळूवर फुगा येतो, फुगलेल्या पुरीसारखा.

आता कागदावरच घोळ वाढवा. मागच्या आणि बाजूच्या खालच्या कडेपासून २८ सेंमी खाली जा आणि बाजूची रेघ बाहेर ६ सेंमी झुकवा. मागच्या मधल्या शिवणीत एक त्रिकोणी कळी घाला, टोक मानेच्या उंचीवर, खालची रुंदी २४ सेंमी. परकराला कळ्या घालतात त्याच कारणासाठी ही आहे. ती नसली तर घोळ खांद्यांवर पसरत नाही आणि मान वळवताना टोप ओढतो. घोळ खांद्याच्या पात्यांच्या खाली नेऊ नका. लांब घोळ फोटोत देखणा दिसतो, पण कुणाच्याही मुठीत सापडतो.

सगळ्यात शेवटी सैलपणा: प्रत्येक अर्ध्या तुकड्याच्या घेरात १ सेंमी वाढवा. लोकर, अस्तर आणि शिवणींची जाडी मिळून तेवढी जागा खातात.

५. मांजरपाटाची चाचणी

कंटाळा येईल, तरी करा. कच्चा धावदोरा घालून दोन तुकडे जोडा, टोपावर चढवा, टोप डोक्यावर घाला आणि कुणाला तरी बघायला सांगा. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली बघा. पुढची कड डोळ्यांच्या फटीवर घसरते का? घसरत असेल तर कड वर घेऊ नका. सहसा दोष मागे असतो, घोळ खांद्यांवर टेकून कापड पुढे ढकललं जातं. टाळूपाशी दोन टाचण्या मारून आवरण थोडं मागे ओढून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. सगळे बदल पेनने मांजरपाटावरच लिहा, मग तो उसवून तोच नमुना म्हणून वापरा.

६. कापणं

लोकरीची लव वरून खाली वाहील असे दोन्ही तुकडे ठेवा, नाहीतर एक बाजू गडद आणि एक फिकट दिसेल. नमुना एकदा सुलटा आणि एकदा उलटा मांडा. दोन डाव्या बाजू कापणारा मी एकटाच नाही, मंडळात आम्ही तिघे निघालो. सगळीकडे दीड सेंमी माया, म्हणजे शिवणीसाठी जास्तीचं कापड, ठेवा. फक्त घोळाच्या खालच्या कडेला नको, ती तशीच कातरायची आहे.

अस्तर मात्र घोळाच्या तळापासून १० सेंमी वर संपवा. खालच्या भागात आपल्याला एकेरी लोकर हवी आहे. आतला धातूचा रंग तळापर्यंत दिसायलाच हवा असेल तर अस्तरही पातळ घोटलेल्या लोकरीचं घ्या आणि दोन्ही थर एकत्र कातरा, पण ते दुसऱ्या खेपेला.

७. शिवणं

दोरा मेणावरून दोनदा ओढा, गुंता कमी होतो आणि टाका घट्ट बसतो. आधी समोरपासून मानेपर्यंतची मधली शिवण उलट्या टिपेने घाला, एका सेंटिमीटरला साधारण तीन टाके. मग कळी बसवा: टोकापासून खाली एक बाजू, पुन्हा टोकापासून खाली दुसरी. खालून वर शिवत आलात तर टोकाशी चुणी पडणारच.

शिवणींची माया दोन्हीकडे उघडून वाफेची इस्त्री करा. टाळूची गोलाई टेबलावर दाबू नका, आत टॉवेलचा बोळा घाला. तिथल्या मायेला छोटे काप द्या, आणि मघाचा जास्तीचा सेंटिमीटर याच वेळी वाफेने जिरवा. इस्त्री धरा, वाफ सोडा, हाताने दाबा, थंड होऊ द्या. ही जादू मला फार उशिरा कळली.

अस्तर तसंच शिवून आत बसवा. चेहऱ्याच्या कडेला लोकर आत दुमडा, अस्तराची कड तिच्यापासून दोन दोरे आत ठेवून हातशिलाईने टाचा. अस्तर बाहेर डोकावलं की काम नवशिक्याचं आहे हे लांबून कळतं. अस्तराच्या खालच्या कडेला हेम घाला आणि ती लोकरीला दर हातभर अंतरावर एकेका सैल टाक्याने धरून ठेवा.

मशीन चालेल का? लांब आतल्या शिवणी मशीनवर घातल्या तर कुणी उसवून बघत नाही. दिसणारा प्रत्येक टाका हातचा हवा. काही मंडळं मात्र याबाबत सोवळी असतात, आधी विचारून घ्या. पूर्ण हाताने मला तिसऱ्या खेपेला तीस-एक तास लागले.

८. कंगोरे

आता मजेचा भाग. घोळाची खालची कड कंगोऱ्यांमध्ये कातरायची: अर्धगोल, चौकोनी किंवा पानासारखे. पुठ्ठ्याचा एक कंगोरा कापून खडूने आखा. मागच्या मध्यापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना जा, म्हणजे उरलेली तफावत समोरच्या कोपऱ्यात लपते. माझे कंगोरे ६ सेंमी रुंद आणि ८ सेंमी खोल आहेत. आतल्या खाचेच्या तळाशी कातर टोकदार नेऊ नका, जराशी गोल वळवा. टोकदार खाच पुढे फाटत जाते. कड दुमडायची नाही, शिवायची नाही. त्यासाठीच तर घोटलेली लोकर घेतली.

९. बांधणं

फुल्या मारलेल्या जागी आरीने लोकर आणि अस्तर दोन्ही टोचा, धागे बाजूला सारा आणि भोकाभोवती मेणवलेल्या दोऱ्याने दाट टाके घाला. भोक कापलं नाही, फक्त फाकवलं, म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतं. धातूच्या तयार चकत्या ठोकू नका, त्या एकोणिसाव्या शतकातल्या आहेत आणि त्या बघून मंडळातले जुने लोक उसासे टाकतात.

वादी आतून बाहेर काढून टाळूवर गाठ मारा, किंवा बाहेरून आत नेऊन आत बांधा. आत बांधलीत तर गाठ टोपाच्या आतल्या गादीच्या वर, पत्र्याला लागून राहू द्या. डोक्यावर टेकलेली वाटाण्याएवढी गाठ अर्ध्या तासात जीव नकोसा करते. पुढे तुरा लावायचा विचार असेल तर समोरची आणि मागची एकेक जोडी मोकळी ठेवा.

तुमच्या टोपाला भोकंच नसतील तर लगेच ड्रिल काढू नका. कडक केलेल्या पोलादाला घरचं ड्रिल नीट भोक पाडत नाही आणि पत्रा तापून रंग बदलतो. ज्याने टोप बनवला त्याच्याकडून पाडून घ्या. तोपर्यंत चेहऱ्याच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांना नाड्या शिवा आणि त्या टोपाच्या आत गादीच्या पट्ट्याला बांधा. बाराबंदी ज्यांनी घातली आहे त्यांना बंद कसे लपवायचे हे सांगायला नको. डिंक किंवा गोंद मात्र कधीही नाही. आवरण निघालं नाही की खालचा गंज दिसत नाही.

१०. घालून बघणं आणि जपणं

पूर्ण वेशात, हातमोजे घालून, अर्धा तास चाला. वाका, पळा, टोप एकट्याने काढून बघा. काढताना घोळ हाताखाली अडकत असेल तर समोरचे कोपरे थोडे गोल कापा. हातात खरी किंवा लाकडी तलवार घेण्याआधी हे सगळं झालेलं असावं, आणि लढणार असाल तर तुमच्या मंडळाच्या सुरक्षेचे नियम या लेखाच्या वर.

लोखंडाला तेल चोपडून लगेच आवरण चढवलं तर अस्तरावर डाग पडतात. त्याऐवजी मेणाचा पातळ हात द्या आणि कोरड्या फडक्याने पुसा. जवसाचं तेल वापरत असाल तर ते पूर्ण वाळू द्या, आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

पावसातून आलात की त्याच रात्री आवरण काढा, कितीही दमला असाल तरी. ते सपाट वाळत घाला, टोप वेगळा पुसा. हिवाळाभर ठेवून दिलेल्या लोकरीला कसर लागते, म्हणून झटकून, घट्ट पिशवीत, लॅव्हेंडरच्या पुरचुंडीसोबत ठेवा. माझ्या पिशवीत आईने पाठवलेली वाळलेली कडुलिंबाची पानंही आहेत. दरवेळी फोनवर ती "कुंची बरी आहे ना?" असं विचारते, आणि मंडळातल्या जर्मनांनीही आता तो शब्द उचललाय. उच्चार 'कुन्त्शी'.